गुरुवारचे सात जण

आपल्या मंडळाचा गुरुवारचा हरिपाठ बंद करावा, असा ठराव कार्यकारिणीपुढे आला आहे. कारण सरळ आहे. येतात सात जण, त्यातले आजी-आजोबा व्हिसा संपला की परत जाणार, आणि खोलीचं भाडं मात्र तेवढंच. त्यापेक्षा पैसे साठवून वर्षातून एकदा भारतातून गायक बोलवावा, दणक्यात कार्यक्रम करावा. मला गाणं आवडतं, तरीही या ठरावाला माझा विरोध आहे.

आषाढात आपण दिवे घाटाचे ड्रोनने टिपलेले व्हिडिओ एकमेकांना पाठवतो. वारी त्या उंचीवरून सुरू झालेली नाही. पूर्वी वारकरी माउलींच्या पादुका गळ्यात बांधून पंढरपूरला चालत जात. तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ च्या सुमारास पालखी काढली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आले. मूळचे साताऱ्याकडच्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार. ते सगळं सोडून आळंदीत राहिले आणि माउलींचा सोहळा त्यांनी वेगळा सुरू केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले. आज रथापुढे २७ दिंड्या ठरल्या क्रमाने चालतात. नारायणबाबांपासून धरली तर सव्वातीनशेच्या वर वर्षं झाली. यातल्या नेमक्या कोणत्या वर्षी वारी 'यशस्वी' झाली, हे कोणत्या हिशेबनिसाला सांगता येईल? हैबतबाबा स्वतः आळंदीच्या महाद्वारात एक पायरी होऊन राहिले आहेत.

कुणी म्हणेल, हिशेब न मांडणं ही देवावर हवाला टाकून स्वस्थ बसायची सबब आहे. हैबतबाबा कुठे स्वस्थ बसले होते? सोहळ्याला शिस्त त्यांनीच लावली. स्वस्थ बसणं आणि आपलं काम करून पुढचं सोडून देणं, यातला फरक कळायला इथल्या थंडीत दही लावून पाहावं. दूध कोमट करायचं, चमचाभर विरजण घालायचं, ओव्हनचा दिवा लावून पातेलं आत ठेवायचं, की आपलं काम संपलं. रात्रीतून चारदा झाकण काढून ढवळलं तर सकाळी काय मिळतं, ते मी पहिल्या हिवाळ्यात खाल्लं आहे. दर तीन महिन्यांनी हजेरी मोजणं हे तसलंच ढवळणं.

उद्या सातचे चार होतील, तेही मी धरून चालतो. पण आईबरोबर नाइलाजाने येऊन फोनमध्ये डोकं घालून बसणारा नऊ वर्षांचा एक मुलगा हल्ली अंघोळ करताना हरिपाठाची चाल गुणगुणतो, असं त्याची आई सांगते. अर्थ विचारला तर त्याला येणार नाही. मलाही सगळा येत नाही. हे कुठल्या रकान्यात लिहायचं, ते खजिनदारांनी सांगावं.

भाड्याची अडचण खरी आहे. ठराव मंजूर झालाच तर आमचं तळघर मोकळं आहे, सतरंज्या आहेत, टाळांचे चार जोडही आहेत. फक्त बर्फाच्या दिवशी गाडी रस्त्यावर लावू नका. बर्फ काढणारा ट्रक रात्री आठलाच येतो.