घरातले औषध आणि डॉक्टरांचा प्रश्न

कल्याण-नगर रस्त्याने ओतूर सोडले की आळेफाट्याच्या अलीकडे पिंपरी पेंढार लागते. कुकडी खोऱ्यातील धरणांच्या पाण्याने जुन्नर तालुक्याचा हा टापू बागायती झाला. ऊस, कांदा, टोमॅटो आले आणि त्यांच्या पाठोपाठ फवारणीही आली. येथील शेतकरी ‘औषध आणले’ असे म्हणतो, तेव्हा ते खोकल्याचे की करप्याचे हे प्रसंगावरून ओळखावे लागते. डॉक्टरांनी लिहून दिलेले तेही औषध आणि कृषी सेवा केंद्रातून आणलेले तेही औषधच. मात्र रात्री-अपरात्री एखादी जीप दवाखान्याच्या दाराशी थांबते आणि आतून कोणी ‘औषध घेतलंय’ एवढेच सांगतो, तेव्हा अर्थाविषयी कोणाच्याच मनात संदेह उरत नाही.

हे दुसऱ्या जातीचे औषध घरात कोठे ठेवलेले असते, हा प्रश्न डॉक्टर सहसा विचारीत नाहीत. झोप लागत नाही, अन्नावरची वासना उडाली आहे, कशातच मन रमत नाही, अशा तक्रारी घेऊन आलेल्या माणसाला पाणी कोठले पिता, तंबाखू खाता काय, हे आवर्जून विचारले जाते. फवारणीच्या बाटलीची चौकशी होत नाही. ती व्हावी काय, आणि झाली तर मिळालेल्या उत्तरावर अधिकार कोणाचा, हा वाद वरवर वाटतो तितका सोपा नाही.

अमेरिकेत हाच वाद एका वेगळ्या वस्तूवरून न्यायालयापर्यंत गेला. तेथे बंदूक घरोघरी आढळते आणि आत्महत्यांपैकी निम्म्याहून अधिक तिनेच होतात. म्हणून पोहण्याचे तळे, सायकल, घरातील रसायने यांच्याबरोबर बंदुकीविषयीही पालकांना विचारावे, असा तेथील बालरोगतज्ज्ञांचा प्रघात. २०१० साली फ्लोरिडातील ओकाला या गावी एका आईने या प्रश्नाचे उत्तर देण्याचे नाकारले. डॉक्टरांनी तिला तीस दिवसांत दुसरा डॉक्टर पाहावयास सांगितले. प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले आणि २०११ साली त्या राज्याने कायदाच केला. उपचारासाठी आवश्यक नसताना डॉक्टरांनी रुग्णाला बंदुकीविषयी विचारू नये, उत्तराची नोंद ठेवू नये, या कारणावरून रुग्णाला सतावू नये अथवा डावलू नये. उल्लंघन करणाऱ्यास दहा हजार डॉलरपर्यंत दंड, शिवाय व्यवसायाचा परवाना जाण्याची टांगती तलवार. डॉक्टर न्यायालयात गेले. अटलांटा येथील अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने १६ फेब्रुवारी २०१७ रोजी विचारण्यावरील आणि नोंदीवरील बंदी रद्द केली. डॉक्टरांचे रुग्णाशी बोलणे हेही भाषणच होय आणि सरकारला ते असे रोखता येणार नाही, हे निकालाचे सार. परंतु बंदूक बाळगतो म्हणून रुग्णाला डावलू नये, हे कलम न्यायालयाने कायम ठेवले.

या निकालाने डॉक्टरांचा जय झाला असे मानणारे त्यातील अर्धेच वाचतात. प्रश्न विचारण्यास मोकळीक मिळाली, पण उत्तर न देणाऱ्या आईला दाराबाहेर घालविण्याची मोकळीक मिळाली नाही. त्या आईचा राग सर्वस्वी अनाठायी होता, असेही म्हणता येणार नाही. औषधोपचारासाठी गेलेल्या माणसाला घरातील वस्तूंची यादी विचारली जाऊ लागली, तर ही यादी पुढे कोणाच्या हाती पडणार, अशी शंका त्याला येणारच.

आपल्याकडे चित्र उलटे आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार बंदुकीचा परवाना मागणाऱ्यालाच डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यात शरीरप्रकृतीबरोबर मनःस्थितीचा आणि व्यसनांचाही उल्लेख असावा लागतो. तेथे डॉक्टरांनी विचारावे असा सरकारचाच आग्रह आहे. परंतु जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याकडे बंदूक असते कोठे? बिबट्याचा वावर असलेल्या उसाला रात्री पाणी द्यावयास जातानाही त्याच्या हाती काठी आणि बॅटरीच असते. जिच्याविषयी खरोखर विचारावयास हवे, ती वस्तू पडवीत फवारणीच्या पंपाशेजारी, नाही तर खाटेखाली पडलेली असते. तिला परवाना लागत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १ लाख ७० हजार ९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२ हजार ७४६ जण महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. (या मृत्यूंची मोजदाद आजही गुन्ह्यांची नोंद ठेवणारे खाते करते, ही गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते.) देशातील या मृत्यूंपैकी सुमारे एकचतुर्थांश विषाने झाले.

ज्याला मरावयाचेच आहे त्याला बाटली हाती लागली नाही तर तो दुसरा मार्ग शोधील, मग चौकशीचा उपयोग काय, असा आक्षेप शिकलेली माणसेही घेतात. अनुभव तसा नाही. पुष्कळदा हा निर्णय दीर्घ विचाराने घेतलेला नसतो. घरातले भांडण, पडलेला बाजारभाव, सावकाराने चारचौघांत केलेला अपमान, अशा एखाद्या क्षणाचा तो झटका असतो. तो ओसरेपर्यंत साधन दूर राहिले तर माणूस वाचतो आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. श्रीलंकेने १९९५ पासून अत्यंत विषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बाजारातून काढली. त्या साली तेथे दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४७ आत्महत्या होत. २००५ पर्यंत हे प्रमाण २४ वर आले. शेतीचे उत्पन्न घटल्याचेही दिसले नाही. विचारण्याने नसता विचार डोक्यात भरतो, ही भीतीही निराधार ठरली आहे. मनात कोंडलेली गोष्ट कोणीतरी सरळ विचारली, याने रुग्णाला बहुधा हायसेच वाटते.

तथापि प्रश्न विचारून हाती कुलूप दिले की काम संपले, असे मानणेही भाबडेपणाचे होईल. श्रीलंकेतच १८० खेड्यांत एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांत घरोघरी कीटकनाशके ठेवण्यास कुलपाच्या पेट्या दिल्या गेल्या. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा पेट्यांमुळे विषप्राशन कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. यात नवल नाही. किल्ली खिळ्याला टांगलेली असते आणि ज्याच्याविषयी काळजी तोच घरातला कर्ता असतो. म्हणून डॉक्टरांचा प्रश्न ‘कुलूप आहे काय’ असा असून भागत नाही. घरात ते औषध आता आहे काय, ते कोण हाताळतो, आणि हे चार-सहा आठवडे निघेपर्यंत ते भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या खळ्यावर ठेवता येईल काय, असे ते बोलणे हवे. त्याला वेळ लागतो, आणि दाराशी चाळीस रुग्णांची रांग असताना तो कोठून आणावयाचा, ही डॉक्टरांची अडचणही खरी आहे.

परंतु वेळेपेक्षाही मोठी अडचण भीतीची आहे. विषबाधेचा रुग्ण आला की दवाखान्याकडून पोलिसांना वर्दी जाते, जबाब होतात, कागद होतात, हे गावात सर्वांना ठाऊक असते. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली, मनोरुग्ण झालेल्या एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात, हे कलम घटनाबाह्य ठरविले. न्या. पी. बी. सावंत त्या पीठावर होते. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच मत दिले आणि १९९६ साली मोठ्या पीठाने ते फिरविले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा मनुष्य तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरावे आणि त्याला शिक्षा करू नये, असे कलम ११५ मध्ये सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुने कलमच उरले नाही. लोकसेवकावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. कायदा बदलला, पण गावातील समजूत बदललेली नाही. ती बदलावी म्हणून चावडीवर वा दवाखान्याच्या भिंतीवर चार ओळींचा फलक लावण्याचे कष्ट फारसे कोणी घेतलेले दिसत नाहीत.

या भीतीची किंमत प्रत्यक्ष जिवाने मोजावी लागते. नातेवाईक ‘चुकून प्याला’, ‘फवारताना तोंडात गेले’ असे सांगतात आणि बाटली घरीच दडवून येतात. काय पोटात गेले हे कळल्याखेरीज उपचाराची दिशा ठरत नाही, कारण एका गटाच्या विषावर जो उतारा चालतो तो दुसऱ्यावर निरुपयोगी असतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी प्रत्येक डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण सक्तीचा केला तो विषाची तीव्रता पाहताक्षणी कळावी म्हणून. तो डबा उकिरड्यात पुरला गेल्यावर त्रिकोणाचा उपयोग कोणाला? ओतूर, आळेफाटा किंवा नारायणगाव गाठेपर्यंत गेलेला वेळ खोट्या हकिकतीने आणखी वाढतो.

उत्तर गुप्त राहील याची हमी असती तर ही लपवाछपवी पुष्कळशी टळली असती. कागदावर ती हमी आहे. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला वा समाजाला असलेला गंभीर धोका आणि कळविणे बंधनकारक असलेले रोग, एवढे अपवाद सोडता डॉक्टरांनी रुग्णाचे गुपित उघड करावयाचे नाही. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ ने ही गोपनीयता रुग्णाचा हक्क म्हणून मान्य केली, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. अपवादांनाही अर्थ आहे. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका रुग्णाचा एचआयव्ही संसर्ग त्याच्या नियोजित वधूपक्षास कळणे गैर नाही, असे म्हटले, ते तिच्या जिवाच्या धोक्यामुळे. मात्र वकिलाला अशिलाविषयी जे कायदेशीर संरक्षण साक्षीच्या वेळी लाभते, ते डॉक्टरांना आपल्याकडे लाभत नाही. रुग्णाला डॉक्टरांनी हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे.

व्यवहारात मात्र गोपनीयता न्यायालयाच्या कितीतरी अलीकडे, तपासणीच्या टेबलापाशीच संपते. ग्रामीण दवाखान्यात एक रुग्ण स्टुलावर, दुसरा त्याच्या खांद्याशी टेकलेला, तिसरा दारातून डोकावणारा. मदतनीस त्याच आळीतला. सुनेला प्रश्न विचारावा तर उत्तर सासू देते. अशा जागी ‘जिवाचे काही बरेवाईट करावेसे वाटते काय’ हे विचारणे म्हणजे त्या बाईला दुसऱ्या दिवशी गावात तोंड दाखवू न देणे. धाकट्या बहिणीचे लग्न व्हावयाचे असते, पतसंस्थेतील कर्जाचा अर्ज पडून असतो. असा प्रश्न न विचारणारे डॉक्टर नेहमी बेपर्वाच असतात असे नाही. काहींना ही परिस्थिती नीट कळलेली असते, म्हणून ते गप्प राहतात.

त्यात आता नोंदी संगणकावर जात आहेत. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य योजनेत चौदा आकडी क्रमांकाखाली रुग्णाचा इतिहास जोडला जातो. रुग्णाची संमती लागते खरी, पण सही कोठे करावयाची एवढेच विचारणाऱ्या माणसाची ती संमती कितपत समजून दिलेली असते? फ्लोरिडातील आईला जी शंका आली ती पिंपरी पेंढारच्या बाईला अद्याप आलेली नाही, कारण कागदावर काय लिहिले जाते हे तिला कोणी सांगितलेलेच नाही.

करावयाच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीच्या खोलीला लागणारे एक दार हवे, आणि रुग्णाशी पाच मिनिटे एकट्याने बोलल्याखेरीज नातेवाइकांना आत न घेण्याचा शिरस्ता हवा. आशा कार्यकर्तीला हा प्रश्न विचारावयास लावण्याची घाई नको. ती त्याच गावची सून असते आणि तिची वही पुष्कळांच्या हातांतून जाते. तिने १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक घरोघरी पोचविला तरी पुरे. उत्तर नाकारणाऱ्याला सल्ला मिळालाच पाहिजे आणि उपचारही. अपघातात सापडलेल्याला आधी वाचवा, कागद मागाहून, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली डॉक्टरांना बजावले होते. विष घेतलेल्यालाही ते तितकेच लागू आहे.

आणि केसपेपर. सरकारी दवाखान्यात तो रुग्णाच्याच हाती देऊन परत पाठवितात. घरी तो देव्हाऱ्यामागे खोचला जातो आणि घरातले कोणीही तो काढून वाचतो. मानसिक तक्रारींची नोंद त्या कागदावर न करता डॉक्टरांच्या कपाटातील वेगळ्या वहीत करावी आणि केसपेपरवर पुढच्या भेटीची तारीख तेवढी लिहावी. हे उद्यापासून करता येईल. त्याला नव्या कायद्याची गरज नाही.