तेल किती ते मोजता, तेल कसले ते कोण बघणार?



करडई बाजारात नेली की व्यापारी दाणे हातात चोळतो, ओलावा बघतो, उताऱ्याचा अंदाज घेतो आणि भाव सांगतो. तेल किती, एवढाच त्याचा प्रश्न. तेल कसले, हे तो विचारीत नाही. दिल्लीही विचारीत नाही. स्वस्त ते आणा, एवढेच तिचे तेलधोरण.

ग्लिसरॉलला तीन स्निग्धाम्ले जोडली की तेल होते. ती तीन कोणती, यावर सगळे अवलंबून. पामतेलात जवळजवळ निम्मा भाग संपृक्त आम्लांचा, त्यात मुख्य पामिटिक. ते रक्तातले एल.डी.एल., म्हणजे रोहिण्यांत साचणारे कोलेस्टेरॉल, वाढवते. आपल्या नेहमीच्या करडईच्या तेलात पाऊण हिस्सा लिनोलिक आम्ल. संपृक्ताच्या जागी ते आले तर एल.डी.एल. उतरते. शरीर ते स्वतः बनवू शकत नाही, अन्नातूनच मिळावे लागते. १९२९ साली अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धाविना खाणे दिले, तर त्यांची वाढ खुंटली, कातडीला खवले धरले.

दुसरे तसेच आवश्यक आम्ल अल्फा-लिनोलेनिक. करडईत ते जवळजवळ नाही. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास आहे. हवा लागली की ते खवट होते, वाळून पापुद्रा धरते, म्हणून तर रंगवाल्यांनी ते उचलले. तळणीला त्याचा उपयोग नाही. जवसाची चटणी करणाऱ्या आपल्या आज्यांना हे कुणी शिकवले नव्हते!

आणि वनस्पती तूप? निकेलच्या साह्याने तेलात हायड्रोजन भरून ते घट्ट करताना ट्रान्स आम्ले तयार होतात. ती एल.डी.एल. वाढवतात, वर चांगले एच.डी.एल. घटवतात, हे हॉलंडमधल्या संशोधकांनी १९९० साली दाखवले. आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा लागू व्हायला २०२२ उजाडले.

करडईचे तेल औषध आहे असे मी म्हणत नाही. वाटीने ओतले तर कुठलेही तेल अंगावरच बसते. पण १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली, तेव्हापासून आमच्या तेलाची तुलना फक्त किमतीशी होते आहे. आज देशाचे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. ३० मे २०२५ रोजी, ऐन पेरणीच्या तोंडावर, कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयातशुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले. आदल्याच हंगामात ४,८९२ रुपये हमीभावाचे सोयाबीन शेतकऱ्यांनी त्याच्या खाली विकले होते. सोलापूर-परभणीकडची करडई तर केव्हाच आटली. काट्यांमुळे मजूर मिळेना हे खरे. भाव असता तर काटेही सोसले असते.

जिल्हा बैठकीत दोन ठराव मांडावेत. आयातशुल्क पेरणीपूर्वी जाहीर व्हावे आणि माल विकला जाईपर्यंत त्याला हात लावू नये. आणि शाळा-अंगणवाडीच्या आहारासाठी तेल घेताना निविदेत दराबरोबर स्निग्धाम्लांची फोड मागावी, त्यात करडई, शेंगदाणा तेलाला जागा असावी. ही तपासणी प्रयोगशाळेत नेहमीची आहे.