रडवा, नामांकन मिळवा

लघुपट पाहून बाहेर पडलेल्या माणसाचं पहिलं वाक्य काय असेल, यावर मी पैज लावायला तयार आहे: ‘विषय काय निवडलाय!’ कॅमेरा कुठे ठेवला होता, काय दाखवायचं टाळलं, आवाज कुठे थांबला, यावर अवाक्षर नाही. बालमजुरी, स्मृतिभ्रंश, वर्णद्वेष. पाटी वाचली, डोळे पुसले, सुटलो. विषयाला सलाम ठोकला की सिनेमा पाहण्याचे कष्ट वाचतात. ऑस्करच्या लघुपटांभोवती तर या आळसाची दरवर्षी जत्रा भरते, आणि तिथले मतदारही आपल्यापेक्षा फार शहाणे नाहीत.

२०१९ची लाइव्ह अ‍ॅक्शन लघुपटांची नामांकनं काढून बघा. ‘डिटेनमेंट’मध्ये १९९३ साली लिव्हरपूलजवळ झालेल्या बालहत्येतल्या दहा वर्षांच्या दोन आरोपींची पोलीस चौकशी. ‘फोव्ह’मध्ये खाणीच्या चिखलात रुतत जाणारा मुलगा. ‘माद्रे’मध्ये परक्या किनाऱ्यावर एकटा पडलेला सहा वर्षांचा पोरगा फोनवर, आणि इकडे घरात त्याची आई. ‘स्किन’मध्ये बापाचा वर्णद्वेष बघत वाढणारं पोर. पाचांतला एकटा ‘मार्गरीत’ काय तो म्हातारीचा आणि तिच्या परिचारिकेचा. पाचांपैकी चारांत लहान मूल टांगणीला! अकॅडमीच्या मंडळींना लेकरू धोक्यात दिसल्याशिवाय पान्हाच फुटत नाही की काय?

बरं, या चार सिनेमांची लायकी सारखी नाही. पण पाटी वाचणाऱ्याला ते कळणार कसं? ‘स्किन’चंच घ्या. वर्णद्वेष्ट्या गोऱ्या बापाला पळवून नेऊन अंगभर काळा गोंदवतात, तो घरी परततो आणि पोटचा पोरगा त्याला न ओळखता गोळी घालतो. हा सिनेमा नाही, समीकरण आहे. डावी बाजू बरोबर उजवी बाजू, पैकीच्या पैकी गुण. ऑस्कर अर्थातच यालाच मिळालं. ‘डिटेनमेंट’मधली पोरं अभिनय म्हणून थक्क करतात, मात्र त्यातला हादरा दिग्दर्शकानं कमावलेला नाही, चौकशीच्या नोंदींतून उसना आणलेला आहे. मारल्या गेलेल्या मुलाच्या आईनं हा लघुपट स्पर्धेतून मागे घ्या म्हणून सांगितलं. दिग्दर्शकानं ऐकलं नाही.

आणि जेरेमी कॉम्तचा ‘फोव्ह’? दोन पोरं एकमेकांना फसवण्याचा खेळ खेळतायत, कुरघोड्या चालल्यायत, आणि त्याच खेळाच्या ओघात जमीन एकाला गिळायला लागते. खरं कुठलं, खोटं कुठलं, हे दुसऱ्याला समजेपर्यंत उशीर झालेला असतो. यात समस्या नाही, संदेश नाही, शेवटी काळ्या पडद्यावर आकडेवारी नाही. सतरा मिनिटांत अपराधाची भावना माणसात कशी शिरते एवढंच आहे. याला विषय कुठला म्हणणार? म्हणूनच त्याला ऑस्कर नाही.

अ‍ॅनिमेशनची तर वेगळीच हेळसांड. तिथे आपल्याकडे एकच विशेषण शिल्लक आहे: ‘क्यूट’. त्याच वर्षी जिंकलेल्या डोमी शीच्या ‘बाओ’त एक आई मोदकाच्या भावकीतल्या त्या पिठाच्या गोळ्याला पोटच्या पोरासारखं वाढवते आणि तो घर सोडून निघाला तेव्हा त्याला चक्क खाऊन टाकते. मायेतला हा राक्षसी घास पिक्सारनं ‘इन्क्रेडिबल्स २’च्या आधी, भर कुटुंबवत्सल प्रेक्षागृहात दाखवला. आणि आपण म्हणतो, क्यूट! ट्रेव्हर हिमेनेझच्या ‘वीकेंड्स’मध्ये आई आणि बाप यांच्या दोन घरांत ये-जा करणारा मुलगा आहे. घटस्फोट हा शब्द कोणी उच्चारत नाही, कारण संवादच नाहीत. दोन्ही घरांतल्या वस्तू बघायच्या आणि समजून घ्यायचं. बघायचं! इथेच आपली गाडी अडते.

ज्यांना फक्त विषय हवा असतो त्यांना करणारी माणसं व्यासपीठावर नको असतात. २०१९मध्येच लाइव्ह अ‍ॅक्शन लघुपटाचं पारितोषिक जाहिरातींच्या वेळात उरकायचा घाट अकॅडमीनं घातला होता. आरडाओरडा झाल्यावर माघार घेतली, आणि २०२२मध्ये लघुपटांचे तिन्ही विभाग थेट प्रक्षेपणाच्या आधीच उरकून टाकले.

आता आपलं घर. २०२५मध्ये ‘अनुजा’ला नामांकन मिळालं आणि निर्मात्यांत प्रियांका चोप्राचं नाव असल्यानं आमच्या बातम्यांत तो ‘प्रियांकाचा सिनेमा’ झाला. दिल्लीच्या कपड्यांच्या कारखान्यातली नऊ वर्षांची मुलगी, तिची बहीण पलक, आणि मुलीनं काय ठरवलं हे न सांगता थांबणारा शेवट: यावर किती लिहून आलं? ऑस्कर हुकल्यावर सगळे गप्प. त्याच रात्री अ‍ॅनिमेशनचं पारितोषिक ‘इन द शॅडो ऑफ द सायप्रस’ला मिळालं. शिरीन सोहानी आणि हुसेन मोलायेमी हे इराणी दिग्दर्शक व्हिसाच्या खटपटीतून समारंभाला जेमतेम पोहोचले होते. युद्धानं आतून मोडलेला कप्तान, त्याची मुलगी, किनाऱ्याला लागलेला देवमासा, आणि एकही संवाद नाही. आपला कोणी नव्हता ना त्यात, मग कशाला बघायचा?

आपला असला तरी काय दिवे लावतो म्हणा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या चिदानंद नाईकच्या कन्नड लघुपटात म्हातारी कोंबडा पळवते आणि गावात सूर्यच उगवत नाही. २०२४मध्ये कानला विद्यार्थी विभागात तो पहिला आला, ऑस्करच्या शर्यतीसाठी पात्र ठरला, अंतिम पंधरांत मात्र आला नाही. लॉ कॉलेज रोडवर रोज कॉफी पिणाऱ्या किती सिनेमावेड्यांनी तो पाहिला, हे विचारायची मला भीती वाटते. उलट ‘आता मोठा सिनेमा कधी?’ हा प्रश्न तयार असतो. जणू लघुपट म्हणजे उमेदवारीतलं काम. नागराज मंजुळे ‘सैराट’नंतर ‘पावसाचा निबंध’कडे वळले आणि राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेले, ते काय त्यांना मोठा सिनेमा जमत नव्हता म्हणून?

एप्रिल २०२५मध्ये अकॅडमीनं नियम केला: विभागातले सगळे नामांकित सिनेमे पाहिल्याशिवाय अंतिम मत देता येणार नाही. म्हणजे इतकी वर्षं पाचही लघुपट न पाहता मत टाकायला कुणाची आडकाठी नव्हती, आणि त्या मतांवर ठरलेल्या बाहुलीकडे बघून आपण इथे दर्जा मोजत होतो.