कुटुंबाला एकत्र निवारा हवा



डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नाताळच्या नाटकाची तालीम आटोपून आम्ही तिघी जणी रात्री इंद्रपुरीतल्या घरी परतत होतो. बंद दुकानाच्या शटरला टेकून एक कुटुंब बसलेलं दिसलं. नवरा, बायको, म्हातारी सासू, तेरा वर्षांचा मुलगा आणि अंगावर पिणारी लेक. टीकमगढकडचे. ठेकेदार मजुरी बुडवून पळाला, साइटवरची झोपडीही गेली. मी म्हटलं, रैन बसेऱ्यात जा. बाई म्हणाली, तिथूनच आलो.

तिथे जागा होती! पण बायका इकडे, पुरुष तिकडे, आणि मुलगा मोठा म्हणून तोही पुरुषांत. वर सगळ्यांचं आधार कार्ड मागितलं. अनोळखी शहरात पोराला अनोळखी माणसांत कोणती आई सोडेल? आम्ही चहा दिला, दोन चादरी दिल्या आणि घरी येऊन दार लावून झोपलो. लिहायला लाज वाटते, पण घडलं ते असं.

या लोकांना उघड्यावर झोपायची सवयच असते, निवारे रिकामे पडतात, असं आपल्यातलेच काही जण म्हणतात. ते रिकामे का पडतात, हे विचारायला कोणी जात नाही. शहरी बेघरांसाठीच्या केंद्राच्या योजनेत दर लाख वस्तीमागे निदान १०० माणसांची कायमची सोय सांगितली होती. स्त्रियांसाठी आणि कुटुंबांसाठी वेगळे निवारेही त्यात होते. २०११ च्या जनगणनेत भोपाळ शहर सुमारे १८ लाखांचं होतं. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने १,८०० जणांची सोय हवी. नवऱ्याच्या माराला कंटाळून निघालेल्या बाईसाठी १८१ नंबर आहे, जे. पी. रुग्णालयातलं 'गौरवी' केंद्र आहे. फार चांगली गोष्ट. पण जिचा नवरा भला आहे आणि फक्त मजुरी बुडाली आहे, तिने कुठं जावं?

पंडिता रमाबाईंचं नाव आपण अभिमानाने घेतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन गेल्या. केडगावला पक्क्या इमारती उभ्या राहायची वाट त्यांनी पाहिली नाही, तंबू आणि झोपड्यांत सुरुवात केली. स्वतः त्या दुष्काळात आईवडील गमावून वणवण फिरलेल्या.

आणि आपण तरी इथले कुठे? हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहिला तेव्हा माझे सासरे नगरहून आले. क्वार्टर मिळेपर्यंत चार महिने मंडळीतल्या एका घराच्या व्हरांड्यात सगळं बिऱ्हाड होतं. त्यांचं कार्ड कोणी पाहिलं नाही.

महापालिकेकडे कुटुंबांच्या निवाऱ्याची मागणी करायचीच आहे, पण थंडी अर्जाच्या उत्तरासाठी थांबत नाही. आपल्या हॉलमध्ये संडास आहे, नळ आहे, आणि रात्रभर तो कुलपात असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी दोन कुटुंबांना तीन-तीन रात्री पडदा लावून ठेवता येईल. नावं लिहून पोलीस ठाण्यात कळवू. चोरी झाली तर, भांडण झालं तर जबाबदार कोण, असं कमिटीतले भाऊ विचारतील, आणि त्यांचं विचारणं चूक नाही. म्हणून रात्री दोघं जण हॉलवर थांबायला हवीत. एक मी. दुसरं कोण, ते रविवारी उपासनेनंतर मला सांगा.

– मंडळीतील एक भगिनी, इंद्रपुरी, भोपाळ