गाण्याची वेळ कोणी ठरवायची?

मँचेस्टर अरीनात 22 मे 2017 रोजी गाण्याचा कार्यक्रम संपता संपता स्फोट झाला आणि 22 माणसं गेली. त्यांतली सर्वांत लहान मुलगी 8 वर्षांची. अवघ्या 13 दिवसांनी, 4 जूनला, तीच गायिका, आरियाना ग्रांदे, ओल्ड ट्रॅफर्डच्या क्रिकेट मैदानावर मदतनिधीसाठी पुन्हा उभी राहिली. इतकी घाई कशाला, असं विचारणाऱ्यांचं चूक नव्हतं. कित्येक घरांतले अंत्यविधीसुद्धा व्हायचे होते. तरी मला तो निर्णय योग्यच वाटतो, कारण ती आधी इस्पितळात जाऊन जखमी मुलींना भेटली, लेक गमावलेल्या एका आईशी बोलली. माझ्या मुलीला तुझी गाजलेली गाणीच ऐकायला आवडली असती, असं त्या माउलीने सांगितलं आणि गाण्यांची सगळी यादी बदलली. अशा कार्यक्रमाची तारीखही अशीच ठरावी: ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना विचारून, सभागृह कधी रिकामं आहे ते बघून नव्हे. इतक्या लवकर एकत्र येण्याने काय साधलं, ते त्या संध्याकाळी दिसलं: मैदानात एक पोलीस गणवेशातच मुलांचे हात धरून फेर धरत होता. आणि पैशाचं म्हणाल, तर कामधंदा सोडून पोरीच्या उशाशी बसलेल्या बापाला तो याच आठवड्यात लागतो, वर्षश्राद्धाला नाही.