चमक हवी, झीज नको!

लग्नाचा सीझन आला की आपल्याला दोन गोष्टींची आठवण होते. एक पार्लरवाली आणि दुसरी कपाटातल्या लॉकरची. वर्षभर मेटलचे कानातले घालून ऑफिस गाठणाऱ्या आपण एकदम पारंपरिक होतो, डबा उघडतो आणि किंचाळतो, ‘शी! किती काळं पडलंय हे!’ मग घरगुती उपायांचा मारा सुरू. टूथपेस्ट, लिंबू, सोडा, हाताला येईल ते. मीही याच पंथातली. गेल्या महिन्यापर्यंत!

गेल्या महिन्यात चुलत बहिणीच्या लग्नाच्या तयारीला अमडापूरला गेले होते. चिखलीहून खामगावकडे निघालात की वाटेत लागतं ते, बल्लाळदेवीचं अमडापूर. बुलडाणा जिल्ह्यातलं आमचं मूळ गाव. खामगाव म्हणजे चांदीची बाजारपेठ, लोक त्याला ‘रजतनगरी’च म्हणतात. त्यामुळे आमच्या घरातली जवळपास सगळी चांदी तिथली. आजीचे तोडे, जोडवी, कुंकवाचा करंडा, आम्हा नातवंडांचे वाळे. आणि हे सगळं एका पितळी डब्यात, कोळशासारखं काळं.

म्हटलं, चला, पुण्याहून आलोय तर जरा इम्प्रेशन मारू. जुना टूथब्रश घेतला, त्यावर भरपूर पेस्ट घेतली आणि ओट्यावर बसून तोडे घासायला लागले. दोन मिनिटांत आजी हजर.

‘काहून व बाई, एवढी घासून राह्यली? चांदी हाय ते, गंज नाही.’

(पुणेकरांसाठी खुलासा: आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं!)

मी तिला समजावलं, आजी, सगळे असंच करतात. तिने उत्तर दिलं नाही. तोडे माझ्या हातातून घेतले, उजेडात धरले आणि बोटाने दाखवलं. वरच्या गुळगुळीत भागावर बारीक बारीक रेघा उमटल्या होत्या. माझ्या टूथब्रशच्या!

नंतर बसून वाचलं तेव्हा लक्षात आलं की आजी शंभर टक्के बरोबर होती. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी खडू किंवा सिलिकाची बारीक पूड असते. आपल्या दातांचं एनॅमल चांगलं टणक, त्याला ती चालते. पण कठीणपणाच्या १ ते १० या मोजपट्टीवर सोनं आणि चांदी दोन्ही जेमतेम अडीच ते तीनवर येतात. म्हणजे पेस्टने घासलं की काळेपणा जातो, पण त्याच्यासोबत थोडी चांदीही जाते. दरवर्षी घासा, दरवर्षी जाते. नक्षी बोथट का होते, याचं उत्तर हेच.

आणि तो काळेपणा म्हणजे लोखंडासारखा गंज (आता खरा गंज!) नव्हेच. हवेत गंधकाची संयुगं असतात, त्यांचा चांदीशी संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर चढतो. म्हणून चांदी रबरबँडमध्ये गुंडाळून ठेवायची नाही, रबरात गंधक असतं. लोकरी कापडही नको. झिपवाली प्लास्टिकची पिशवी, आतली हवा दाबून काढलेली, सोबत सिलिका जेलची पुडी किंवा खडूचा तुकडा. बस, एवढा स्वस्त फंडा आहे.

मग आजीची पद्धत काय? रिठे! रात्री चार-पाच रिठे फोडून, बी काढून कोमट पाण्यात भिजवायचे. सकाळी पाणी गाळून घ्यायचं, ढवळलं की मस्त फेस येतो. त्यात दागिना दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, मऊ ब्रशने (लहान मुलांचा टूथब्रश बेस्ट) फटींतला मळ हलकेच काढायचा, साध्या पाण्यातून काढून सुती कापडावर पूर्ण वाळवायचा. सोनारही पूर्वापार रिठा वापरत आले आहेत. रिठ्यात सॅपोनिन नावाचा नैसर्गिक साबण असतो. तो तेल, घाम, पावडर काढतो, धातूला हात लावत नाही. रिठे नसतील तर सौम्य लिक्विड सोपचे दोन थेंब चालतात.

चांदी फारच काळी असेल तर आणखी एक युक्ती. पातेल्यात ॲल्युमिनियम फॉइल अंथरा, त्यावर चांदी अशी ठेवा की ती फॉइलला टेकेल. दोन चमचे खायचा सोडा, चिमूटभर मीठ आणि वरून गरम पाणी. थोडा सडक्या अंड्यासारखा वास येईल, घाबरू नका, ते गंधक निघतंय! यात चांदी घासली जात नाही. सल्फाइडमधली चांदी परत चांदी होऊन तिथेच राहते. पण ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिन्यांवर हा प्रयोग करायचा नाही. त्यांच्या नक्षीतला काळा रंग मुद्दाम दिलेला असतो, तोही उडेल. खड्यांच्या आणि मोत्यांच्या दागिन्यांवर तर अजिबात नाही.

तर अशी आमची रिठा पार्टी रंगात आली होती. मी सहज म्हटलं, ‘आजी, सोन्याच्या पाटल्याही काढ ना. लग्नात तूच देणार आहेस ना त्या ताईला?’

आजीचे हात थांबले. उठून आतून पाटल्या आणल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. छान पिवळ्याधमक. मी कौतुक केलं तर म्हणाली, ‘चमक देल्ली मले, सोनं नेलं त्याईनं.’

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारची वेळ, घरात आजी एकटी. दोन तरुण पोरं आली, भांडी चमकवायची पावडर विकायला. आधी तांब्याचा तांब्या लखलखीत करून दाखवला, मग देवाची समई. मग म्हणाले, आजी, हातातल्या पाटल्याही फुकट पॉलिश करून देतो. त्यांच्या डब्यातल्या पाण्यात पाटल्या बुडवल्या, मग हळद लावून कापडात गुंडाळून दिल्या आणि सांगितलं, तासाभराने उघडा. आजीने उघडल्या. पाटल्या होत्या! नव्यासारख्या चमकत होत्या. आजी खूश.

महिन्याभराने हाताला त्या हलक्या वाटायला लागल्या. ती गुपचूप सोनाराकडे गेली. जुन्या पावतीवर पंचवीस ग्रॅम, काट्यावर बावीस.

त्या डब्यात साधं पाणी नव्हतंच. शाळेत आपण ‘आम्लराज’ शिकलोय, आठवतंय? नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण, सोन्यालाही विरघळवणारं. पाटल्या त्यात बुडल्या, वरचा थर विरघळला आणि त्या पोरांच्या डब्यात गेला. नंतर त्या द्रावणातून सोनं परत काढता येतं. दागिना जागेवर असतो, वर ताजा चमकदार पृष्ठभाग असतो, त्यामुळे चोरी झाली हे त्या वेळी कळतच नाही. २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याने एक लाखाचा टप्पा ओलांडला. त्या हिशोबाने आजीचे तीस हजारांहून जास्त गेले.

‘मग तू कोणाला सांगितलं नाहीस?’

‘कोणाले सांगू? तुह्या आजोबाले? म्हनले असते, म्हातारीले अक्कल नाही.’

आजोबा गेले, तरी तिने सांगितलं नव्हतं. आणि आता लग्न तोंडावर. दागिना देताना वजन होणार, पावती निघणार, सगळं बाहेर येणार, या विचाराने तिची झोप उडाली होती. मी एवढा वेळ ज्या चमकेच्या मागे लागले होते, तिची तिला धास्तीच बसली होती. म्हणून तोडे हातातून काढून घेतले होते!

झीज काही फक्त चोरच करतात असं नाही. यंत्रावरच्या बफिंगमध्येही धातूचे सूक्ष्म कण जातातच. सराफ बाजारातला कचरा आणि गाळ धुऊन सोनं वेचणारे झारेकरी उगीच नाही पोट भरत! म्हणून पॉलिश दरवर्षी नको, गरजेपुरतंच. दुकानात देण्याआधी समोर वजन करून घ्या, ते पावतीवर लिहून घ्या, फोटो काढा. १६ जून २०२१ पासून सोन्याला टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. तुमच्या बांगडीवरचा ९१६ हा आकडा म्हणजे ९१.६ टक्के सोनं, बावीस कॅरट. पण हॉलमार्क शुद्धतेची खात्री देतो, वजनाची राखण आपणच करायची. आणि दारावर आलेल्या माणसाला दागिना? नाही म्हणजे नाही.

आता काही दागिन्यांचे नखरे वेगळे, तेही सांगून टाकते. मोत्याची नथ रिठ्यातही बुडवू नका, ओलसर मऊ कापडाने पुसा. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, लिंबू-व्हिनेगर लागलं की त्याची झिलई गेलीच. परफ्यूम, हेअरस्प्रे आधी, मोती सगळ्यात शेवटी. बोरमाळ, कोल्हापुरी साज यांच्या मण्यांत आत लाख असते, त्यांना गरम पाणी वर्ज्य. कुंदनच्या खड्यांमागे चमकीचा पत्रा असतो, पाणी शिरलं की खडा मंद दिसतो. एक ग्रॅमवाले दागिने घासायचेच नाहीत, कारण त्यांच्यावरचा सोन्याचा थर नावापुरताच असतो. आणि स्विमिंग पूलमध्ये अंगठी घालून उतरू नका, सोन्यात मिसळलेल्या तांबं-चांदीला क्लोरीन त्रास देतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आजीने काकूला सगळं सांगितलं. मी शेजारी बसले होते, माझीच छाती धडधडत होती. काकू थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आत्याबाई, मंग तवाच काहून नाही सांगतलं? एकल्याच कुढत बसल्या.’ वजनाचा विषय कोणी काढलाच नाही.

लग्नात ताईच्या हातात त्याच पाटल्या होत्या. रिठ्याने धुतलेल्या, बावीस ग्रॅमच्या. मी तिला आहेरासोबत एक वही दिली. प्रत्येक दागिन्याचा फोटो, वजन आणि तो कोणाकडून आला ते. पहिल्या पानावर आजीच्या पाटल्या आहेत, दोन्ही वजनांसकट. आजीनेच सांगितलं, दोन्ही लिही.

तर या वीकेंडला तुम्हीही डबा उघडा. रिठे आणा, टूथपेस्ट बाथरूममध्येच राहू द्या. आणि घरात आजी असेल तर तिला सोबत बसवा!