विमा की सट्टा?

‘ऑप्शन ट्रेडिंग शिका, प्राथमिक ते प्रगत’ अशा जाहिरातींचे आज पेव फुटले आहे. शिकण्यात गैर काहीच नाही. अर्थसाक्षरतेची आपल्या मध्यमवर्गाला नितांत गरज आहे. प्रश्न आहे तो पहिला धडा कोणता, हा.

शेअरवरील ऑप्शनचे व्यवहार राष्ट्रीय शेअर बाजारात जुलै २००१ मध्ये सुरू झाले. त्यामागील कल्पना विम्याची आहे. समजा, एखाद्याकडे हजार रुपये भावाचे ५०० शेअर आहेत आणि भाव कोसळण्याची त्याला धास्ती वाटते. प्रतिशेअर २० रुपये प्रीमियम भरून तो ठरावीक मुदतीअखेर हजार रुपयांना विकण्याचा हक्क, म्हणजेच ‘पुट’, घेतो. दहा हजारांत पाच लाखांच्या पुंजीला संरक्षण मिळाले. भाव पडला नाही, तर विम्याच्या हप्त्याप्रमाणे प्रीमियम गेला. तक्रारीचे कारण नाही.

परंतु ज्याच्यापाशी शेअरच नाहीत, त्याने तोच पुट घेतला तर? ती शेजाऱ्याच्या घराला आग लागण्यावर लावलेली पैज ठरते. तीही अवघड पैज! भाव कोणत्या दिशेने, किती आणि केव्हा हलेल, हे तिन्ही अंदाज अचूक ठरावे लागतात. कारण प्रत्येक सरत्या दिवसागणिक प्रीमियम झिजत असतो. ऑप्शन विकणाऱ्याची स्थिती तर भांडवलाविना विमा कंपनी काढणाऱ्यासारखी. मिळकत प्रीमियमपुरती, जोखीम मात्र कैक पटींनी मोठी. शिवाय ऑक्टोबर २०१९ पासून शेअरवरील ऑप्शनची पूर्तता प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते. काही हजारांचा म्हणून केलेला सौदा मुदतीअखेर लाखोंची तरतूद मागू शकतो.

परिणाम समोर आहे. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक! २०२३-२४ मध्ये यातील तीन चतुर्थांशांहून अधिक जणांचे घोषित उत्पन्न पाच लाखांच्या आत होते. त्याच वर्षी नफा कमावला तो प्रामुख्याने स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या दलाली पेढ्यांनी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी. आणि तोही बव्हंशी संगणकीय प्रणालींच्या बळावर. भ्रमणध्वनीवर आलेख पाहणाऱ्या तरुणाची गाठ या प्रतिस्पर्ध्याशी आहे.

‘जोखमीविना लाभ नाही,’ असे यावर म्हटले जाईल. खरेच आहे. पण जोखीम आणि जुगार यांत अंतर आहे. उद्योगात घातलेले भांडवल संपत्ती निर्माण करते; ऑप्शनच्या सौद्यात एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा असतो, वर दलाली आणि कर वेगळेच.

म्हणून जरूर शिकावे. पण क्रम बदलून. आधी बचत, विमा, ताळेबंद वाचणे. मग दीर्घ मुदतीची गुंतवणूक. आणि ऑप्शन घेण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : मी कशाचा विमा उतरवतो आहे? उत्तर नसेल, तर कष्टाची पुंजी घरातच राहू द्यावी.